बंबाशेजारचे संगीत

निर्वात नलिका म्हणजे आतली हवा काढून घेतलेली आणि पोटात तार तापवलेली काचेची बंद नळी. कोशातले हे नाव कोशाबाहेर फारसे कोणी वापरत नाही. जुने रेडिओ दुरुस्त करणारे तिला व्हॉल्व्ह म्हणतात, अमेरिकन माणूस ट्यूब म्हणतो. मराठी घरात ट्यूब म्हणजे छताजवळची पांढरी दांडी. ती उशिरा पेटते, एवढेच भाषेला तिचे योगदान. त्या बाबतीत दोघी सख्ख्या बहिणी आहेत. व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकाचा खटका दाबल्यावर पहिला अर्धा मिनिट काहीच घडत नाही. मग नळीच्या पोटात निखाऱ्यासारखा तांबूस उजेड दिसू लागतो, साठलेली धूळ भाजल्याचा वास सुटतो आणि घरातले कोणीतरी स्वयंपाकघरात जाऊन गॅस बघून येते. यानंतर संगीत सुरू होते.

अशा एका ध्वनिवर्धकाने, म्हणजे ॲम्प्लिफायरने, मोठा लाउडस्पीकर मनासारखा हलेना म्हणून दुसरा आणणे, दोघांनी भागेना म्हणून चार करणे, आणि तीनवर का थांबता आले नाही हे घरच्यांना समजावून सांगणे, या उद्योगाचा येथे क्रमाने विचार केला आहे. तीनवर थांबता येत नाही, कारण स्टिरिओमध्ये डावा आणि उजवा असे दोन कान गृहीत असतात आणि यंत्रे जोडीने वाढतात.

घटक

पहिली नळी १९०४ साली लंडनमध्ये ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांनी केली. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी तिच्यात तारेची एक जाळी घातली आणि सगळा खेळ बदलला. जाळीवरच्या जरा कमीजास्त दाबाने नळीतला मोठा प्रवाह कमीजास्त होऊ लागला. मोरीतली चावी दोन बोटांनी फिरवून गच्चीवरच्या टाकीचे पाणी आवरावे, तशी ही योजना आहे. व्हॉल्व्ह हे इंग्रजी नाव मात्र जाळीच्या आधीचे, फ्लेमिंग यांच्या नळीचे; ती झडपेसारखी प्रवाह एकाच दिशेने जाऊ देई.

या टाकीत दाब पुष्कळ आणि पाणी थोडे असते. ताकदीच्या नळीला ५०० व्होल्टच्या आसपास दाब लागतो, पण तिच्यातून विश्रांतीच्या वेळी वाहणारा प्रवाह ॲम्पिअरच्या विसाव्या भागाइतकाच असतो. स्पीकरचे उलट आहे. त्याला दाब थोडा चालतो, पाणी मात्र घागरीने लागते. दोघांचे थेट जमत नाही म्हणून मध्ये एक मध्यस्थ बसवतात. त्याला आउटपुट ट्रान्स्फॉर्मर म्हणतात. नळ्यांच्या बाजूचे ४,३०० ओहम आणि स्पीकरचे ८ ओहम यांची गाठ घालायची तर एका बाजूला दुसऱ्या बाजूच्या सुमारे २३ पट वेढे द्यावे लागतात. हा मध्यस्थ लोखंड आणि तांब्याचा असतो, आणि त्याचे वजन लग्न जमवणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाइतके असते. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्प्टन गावच्या मॅकिंटॉश कंपनीने १९६८ च्या सुमारास बाजारात आणलेला एमसी ३५०० हा ३५० वॉटचा ॲम्प्लिफायर सुमारे ५७ किलो भरतो. सिमेंटचे पोते ५० किलोचे असते. पोत्याला निदान कानाशी धरून उचलता येते. शिवाय ५७ किलोंत एकच कान भागतो. दुसऱ्या कानासाठी दुसरे ५७ किलो घ्यावे लागतात.

नळीच्या यंत्राचा स्वभावही वेगळा आहे. ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरला स्पीकरच्या तारा एकमेकींना चिकटणे सोसत नाही. नळीच्या ॲम्प्लिफायरला स्पीकर सुटून जाणे सोसत नाही. तार निघाली आणि गाणे मोठ्याने चालू राहिले तर ट्रान्स्फॉर्मरच्या आत ठिणगी पडून तो जळू शकतो. थोडक्यात, एक भांडणाने मरतो आणि दुसरा विरहाने. नळीचे चाहते दुसऱ्या गोष्टीला अभिजात म्हणतात.

एकाने का भागत नाही

लाउडस्पीकर हे विजेचा आवाज करणारे यंत्र आहे, असा समज आहे. मोजून पाहिले तर ते विजेची उष्णता करणारे यंत्र आहे आणि ती करताना थोडा आवाज होतो. एक वॉट वीज दिली असता एक मीटरवर ९२ डेसिबल आवाज देणारा स्पीकर शेकडा एक भाग विजेचा आवाज करतो. दिवाणखान्यातले पुष्कळसे मोठे, देखणे, पुरुषभर उंचीचे स्पीकर ८८ डेसिबलच्या आसपास असतात. ते हजारात चार भाग आवाज करतात. शंभर वॉट दिले तर अर्ध्या वॉटहूनही कमी आवाज बाहेर पडतो आणि उरलेले साडेनव्याण्णव वॉट स्पीकरच्या आतले तारेचे वेटोळे तापवण्यात जातात. म्हणजे ॲम्प्लिफायर हा एक बंब, आणि त्याच्यावर चालणारा स्पीकर हा दुसरा बंब. बंबात निदान आंघोळीचे पाणी तापते.

तरीही जास्त वॉटची मागणी निव्वळ हौसेची नसते. विलंबित ख्यालात आलाप चालू असताना असा स्पीकर घरातल्या बैठकीला एका वॉटवर आरामात गातो. पण समेवर तबल्याची कडक थाप पडली की क्षणभर, डोळ्याचे पाते लवण्याच्या आत, आवाज वीस डेसिबल वर जातो. वीस डेसिबल म्हणजे शंभर पट ताकद. त्या क्षणी शंभर वॉट हजर नसतील तर थापेचा माथा उडतो. ट्रान्झिस्टर तो माथा विळीवर कापल्यासारखा सपाट छाटतो. नळी कडा घासून गोल करते, त्यामुळे चूक झाली तरी ती कानाला सुसंस्कृत वाटते. १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागल्यावर जग पुढे गेले आणि काही लोक मागे थांबले, त्याचे एक मोठे कारण हे सौजन्य आहे.

तीन डेसिबलचा हिशेब

आता दुसरा ॲम्प्लिफायर आणल्याने काय मिळते ते पाहू. ताकद दुप्पट केली की आवाज तीन डेसिबलने वाढतो. तीन डेसिबल म्हणजे लक्ष देऊन ऐकणाऱ्याला जाणवेल आणि पेपर वाचणाऱ्याला जाणवणार नाही इतका फरक. दोनाचे चार केले की आणखी तीन, चाराचे आठ केले की आणखी तीन. ऐकणाऱ्याने मान वर करून 'आता दुप्पट झाला' म्हणावे अशी इच्छा असेल तर सुमारे दहा डेसिबल लागतात, म्हणजे शंभर वॉटचे एकूण दहा ॲम्प्लिफायर. किंमत, वजन, वीज आणि घरातला अबोला हे सर्व दर पायरीला दुप्पट होतात. आवाज मात्र तीन-तीनने वाढतो. मराठीत कोहळा काढून घेण्यासाठी आवळा देतात. या क्षेत्रात कोहळे देऊन आवळा घेण्याची रीत आहे.

याहून स्वस्त उपाय ठाऊक असतात, पण त्यांत खरेदी नसल्याने ते मागे पडतात. मोकळ्या जागेत श्रोता चार मीटरवरून दोन मीटरवर आला तर सहा डेसिबल मिळतात. खोलीत भिंतींमुळे थोडे कमी मिळतात, तरी एक खुर्ची पुढे ओढणे हे दोन-तीन ॲम्प्लिफायर आणण्याच्या जवळपास येते. खुर्चीला ट्रान्स्फॉर्मर लागत नाही.

दुसरा उपाय कर्ण्याचा. अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी १९४६ पासून विकलेला क्लिप्शहॉर्न हा कर्णा खोलीच्या कोपऱ्यात बसतो आणि दोन भिंतींना आपल्या कर्ण्याचाच पुढचा भाग मानतो. एका वॉटला त्याची कामगिरी १०५ डेसिबल सांगितली जाते. आरसीए कंपनीची १९३३ सालची टू ए थ्री ही एकच नळी साडेतीन वॉट देते. तेवढ्यात हा कर्णा जो आवाज करतो, त्यासाठी ८८ डेसिबलच्या स्पीकरला पावणेदोनशे वॉट लागतात. १९४५ साली आलेला आल्टेक लान्सिंगचा 'व्हॉइस ऑफ द थिएटर' हा कर्णाही याच कुळातला. थोड्याच वॉटांवर त्याने पडद्यामागून अख्खी चित्रपटगृहे भरली. क्लिप्शहॉर्नची अट एवढीच, की खोलीला दोन रिकामे कोपरे असावेत आणि त्यांच्यात दरवाजा, खिडकी, देव्हारा किंवा फ्रिज नसावा. मुंबईत असे दोन कोपरे मिळण्यापेक्षा पावणेदोनशे वॉट मिळणे सोपे आहे. बहुवर्धक पद्धतीच्या शहरी प्रसाराचे हे एक कारण मानता येईल.

भिंतीचा इतिहास

अनेक ॲम्प्लिफायर एकत्र जुंपण्याची गरज प्रथम घरात भासली नाही. ती मैदानात भासली. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्स गायले, तेव्हा सुमारे ५५,६०० श्रोते होते. या दौऱ्यासाठी व्हॉक्स कंपनीने शंभर वॉटचे नळीचे ॲम्प्लिफायर खास बनवून दिले होते. श्रोत्यांजवळ कोणतेही यंत्र नव्हते, फक्त घसे होते. घसे जिंकले. मंचावरच्या चौघांनाही स्वतःचे वाजवणे धड ऐकू येत नव्हते.

त्याच वर्षी लंडनमध्ये या प्रश्नावर लोहारकाम चालू होते. हॅनवेल भागात जिम मार्शल यांचे वाद्यांचे दुकान होते. ते स्वतः ड्रम वाजवणारे, त्यामुळे मोठ्या आवाजाविषयी त्यांच्या मनात आकस नव्हता. 'द हू' या बँडचे गिटारवादक पीट टाउनशेंड त्यांच्याकडे आले आणि त्यांनी शंभर वॉटचा ॲम्प्लिफायर आणि बारा इंची आठ स्पीकर असलेले एकच खोके मागितले. खोके फार जड होईल, असे मार्शल यांनी बजावले. उचलायला माणसे आहेत, असे उत्तर आले. खोके तयार झाले, गेले, आणि थोड्याच दिवसांत टाउनशेंड परत आले. उचलणारी माणसे कुरकुरू लागली होती. तेव्हा त्या खोक्याचे दोन भाग करून चार-चार स्पीकरांची दोन खोकी एकावर एक रचण्याचे ठरले. हा प्रसंग मार्शल पुढे आवडीने सांगत. रॉक संगीताचे प्रतीक म्हणून पुढे जगभर ज्याची छायाचित्रे निघाली, तो 'मार्शल स्टॅक' असा हमालांच्या पाठदुखीतून जन्माला आला. कलेच्या इतिहासात पाठीचे योगदान क्वचितच इतके स्पष्ट नोंदलेले आढळते.

यानंतर स्टॅकशेजारी स्टॅक उभे राहू लागले. एका ॲम्प्लिफायरच्या इनपुटमधून छोट्या वायरने दुसऱ्याच्या इनपुटमध्ये जायचे, तिथून तिसऱ्याच्या, अशी आगगाडीच्या डब्यांसारखी जोडणी असे. जिमी हेंड्रिक्स तीन-तीन स्टॅक मागे घेऊन वाजवत. त्यांचे पूर्ण नाव जेम्स मार्शल हेंड्रिक्स, म्हणजे मधले नाव ॲम्प्लिफायरचे. स्पीकरही ॲम्प्लिफायरांबरोबर वाढत असल्याने खर्जात तीन डेसिबलपेक्षा काही जास्त पदरात पडते, हा भिंतीचा खराखुरा फायदा. दुसरा फायदा दर्शनी होता. पुढे काही बँडच्या भिंतींमधली बरीच खोकी निव्वळ रिकामी असत, आणि पहिल्या रांगेतल्या श्रोत्यांना त्यांचाही आवाज ऐकू येत असे.

खर्जाच्या गिटारची भूक सर्वांत मोठी. तिच्यासाठी १९६९ साली अँपेग कंपनीने एसव्हीटी आणला: तीनशे वॉट, एकूण चौदा नळ्या आणि नुसत्या डोक्याचे, म्हणजे स्पीकरविना ॲम्प्लिफायरचे, वजन चाळीस किलोच्या घरात. त्याखालचे दहा इंची आठ स्पीकरांचे खोके आकारामुळे वादकांत 'फ्रिज' या नावाने ओळखले जाते. त्याचे पहिले नमुने रोलिंग स्टोन्सनी त्याच वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात वाजवले. त्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉकचा महोत्सव झाला. चार लाखांच्या आसपास माणसे डोंगरउतारावर बसली होती आणि ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्या बिल हॅन्ली यांनी मनोऱ्यांवरचे स्पीकर वाजवण्यासाठी मॅकिंटॉशचे तेच ३५० वॉटचे नळीचे ॲम्प्लिफायर वापरले. या यंत्रातल्या आठ ताकदीच्या नळ्या मुळात टीव्हीच्या पडद्यावर रेघा ओढण्यासाठी बनवलेल्या होत्या. घरोघरी बातम्या दाखवणारी नळी येथे चिखलात बसलेल्या लाखोंना गिटार ऐकवत होती.

पुढची भिंत मात्र नळ्यांची राहिली नाही. १९७४ साली ग्रेटफुल डेड या बँडने मंचामागे सहाशेच्या आसपास स्पीकर रचले. त्यांना चालवणारे ॲम्प्लिफायर मॅकिंटॉशचेच होते, पण ट्रान्झिस्टरचे. १९७६ साली लंडनमध्ये चार्लटनच्या फुटबॉल मैदानावर 'द हू'चा आवाज ३२ मीटरवर १२६ डेसिबल भरला आणि गिनेसच्या पुस्तकात गेला. कानांची काळजी वाटून त्या पुस्तकाने पुढे हा विक्रमच बंद केला. टाउनशेंड यांच्या कानांनी तो आधीच बंद केला होता.

घरगुती मांडणी

वापरातून गेलेले जड दागिने संग्राहकांच्या घरी जातात, तसे मैदानातून हाकललेले मोठे नळीचे ॲम्प्लिफायर दिवाणखान्यात आले. घरात ते तीन प्रकारे जुंपतात.

पहिल्या प्रकारात डाव्या आणि उजव्या कानाला स्वतंत्र यंत्र असते; याला मोनोब्लॉक म्हणतात. दोन भाऊ वेगळे निघाले की कुरबुर थांबते, हे तत्त्व. दुसऱ्या प्रकारात दोन यंत्रांचे उत्पन्न एकत्र करून एकाच स्पीकरला देतात. हे एकत्र कुटुंब. एकाने कमी कमावले तर दुसऱ्याला त्याचा भार ओढावा लागतो आणि दोघेही तापतात. तिसऱ्या प्रकारात स्पीकरच्या खर्जाला एक ॲम्प्लिफायर आणि वरच्या सुरांना दुसरा देतात; मधल्या सुरांसाठी तिसराही देता येतो. प्रत्येक सप्तकाला स्वतंत्र गडी. तिन्हींत हा प्रकार सर्वांत शास्त्रशुद्ध आहे, कारण खर्जाचा ॲम्प्लिफायर दमला तरी वरचे सूर स्वच्छ राहतात. मात्र कोणत्या गड्याला किती बोलू द्यायचे हे ठरवणारी पेटी आणखी एक लागते, आणि ती लावता लावता दिवाळी ते होळी हा काळ निघून जातो.

गुणगुण

ॲम्प्लिफायर दोनाचे चार झाले की संगीत नसतानाही काहीतरी ऐकू येऊ लागते. चारही यंत्रे वेगवेगळ्या ठिकाणी जमिनीला जोडलेली असली तर त्यांच्या तारांचे एक वेटोळे तयार होते आणि घरातल्या विजेची ५० आवर्तने त्यात शिरून स्पीकरमधून 'घूं' असा अखंड स्वर निघतो. हा तानपुरा लावावा लागत नाही आणि उतरवताही येत नाही. अमेरिकेत विजेची आवर्तने ६० असतात. साठाचे पन्नासाशी नाते सहास पाच, म्हणजे बरोबर कोमल गंधार. भारतातली गुणगुण षड्ज धरली तर अमेरिकेतली गुणगुण कोमल गंधारावर लागते. दोन्ही देशांतले ॲम्प्लिफायर एका खोलीत आणता आले असते तर रागाची सुरुवात झाली असती.

उपाय म्हणजे सर्व यंत्रांची जमीन एकाच ठिकाणी जोडणे. काही हौशी लोक प्लगची तिसरी पिन काढून टाकतात. त्याने गुणगुण थांबते. पण पत्र्याच्या पेटीत ५०० व्होल्ट असताना जमीन तोडली तर पुढे आणखीही काही थांबू शकते, म्हणून हा उपाय केवळ निषेधासाठी नोंदवला आहे.

उष्णता

घरगुती विजेचा जमाखर्च सोप्या उदाहरणाने कळतो. केटी ८८ जातीच्या आठ नळ्यांचा दोनशे वॉटचा एक ॲम्प्लिफायर घेऊ. प्रत्येक नळीची तार तापवायला ६.३ व्होल्ट आणि १.६ ॲम्पिअर, म्हणजे दहा वॉट लागतात, आठांचे ऐंशी. शिवाय प्रत्येक नळीतून कोणी काही वाजवत नसतानाही पंचवीसेक वॉट वाहत राहतात, आठांचे दोनशे. एकूण २८० वॉट, आणि अजून सूर लागलेला नाही. अशी चार यंत्रे असली की १,१२० वॉट. ही कपड्यांची इस्त्री आहे, फरक इतकाच की ती संध्याकाळी सातला लावून दहापर्यंत कोणत्याही शर्टावर न फिरवता उभी ठेवायची. तीन तासांत सव्वातीन युनिटांहून जास्त वीज जाते. चारही खटके एकदम दाबले तर पहिल्या झटक्याला मीटरजवळचा एमसीबी खाली पडण्याचाही संभव असतो, म्हणून हौशी माणूस ते एकेक करून, थांबत थांबत दाबतो. बघणाऱ्याला वाटते, समया लावतो आहे.

हे १,१२० वॉट खोलीतच राहतात. मे महिन्यात म्हणून एसी लावावा लागतो. एक टनाचा एसी खोलीतून सुमारे साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर टाकतो; त्याची जवळजवळ एक तृतीयांश ताकद ॲम्प्लिफायरांच्या सेवेत जाते. एसीचा स्वतःचा आवाज असतो. त्याखाली मंद्र सप्तकातले बारकावे झाकले जातात, म्हणून आवाज वाढवावा लागतो. आवाज वाढवला की ताकद कमी पडते आणि ताकद कमी पडली की आणखी दोन ॲम्प्लिफायरांची चौकशी सुरू होते. मागचे परिच्छेद येथून पुन्हा वाचावेत.

पावसाळ्यात चित्र पालटते. नळीची काच दोनशे अंशांच्या आसपास तापते. चार दिवस न वाळलेले मोजे हातभर अंतरावर धरले तर पहिल्या गाण्याच्या अंतऱ्यापर्यंत वाळतात. वीतभर अंतरावर नेले तर समेच्या आधी जळतात. घरातल्या ज्या मंडळींना नळीच्या आवाजातला गोडवा कधी जाणवलेला नसतो, ती जुलै-ऑगस्टमध्ये आपण होऊन विचारतात, "अहो, आज गाणी नाही लावली?"

गुणमेलन

नळ्या एकेक विकत घेऊन चालत नाही. समोरासमोर काम करणाऱ्या नळ्यांतून सारखा प्रवाह वाहावा लागतो, म्हणून दुकानदार त्या तपासून दोन-दोन, चार-चारांचे जुळवलेले संच विकतात. छत्तीस गुणांऐवजी मिलिॲम्पिअर पाहतात, एवढाच फरक. चार ॲम्प्लिफायरांत अशा बत्तीस नळ्या असतात आणि प्रत्येकीचे आयुष्य काही हजार तासांचे. त्यांतली एक गेली की उरलेल्या एकतीस अजून धडधाकट असतात, पण नव्या नळीशी त्यांचे गुण जुळत नाहीत. मग एकतर संच नवा आणायचा, किंवा विजोड संसार ऐकायचा.

केटी ८८ ही मूळची ब्रिटिश जीईसी कंपनीची, १९५० च्या दशकातली. तिथले अस्सल नग आता दागिन्याच्या भावाने विकले जातात आणि दागिन्यासारखेच कपाटात राहतात. नव्या नळ्या आज मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधल्या मोजक्या कारखान्यांत होतात. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स एकेकाळी रेडिओचे व्हॉल्व्ह बनवत असे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ आज व्हॉल्व्ह मागितला, तर गल्ल्यावरचा तरुण मोबाइलमधून मान वर न करता प्लंबिंगचे दुकान दाखवील आणि आतून त्याचे वडील बाहेर येतील.

नळीची प्रकृती डोळ्यांनी कळते. प्रवाह हाताबाहेर गेला की आतला काळा पत्रा लाल होऊ लागतो; त्या वेळी खटका बंद करायला काही सेकंदच असतात. म्हणून नवा संच बसवल्यावर जाणता माणूस खोलीतले सगळे दिवे मालवून अंधारात नळ्यांपुढे उकिडवा बसतो. दारात आलेले पाहुणे हळूच विचारतात, "वीज गेली का हो?"

शेजारी

भारतात ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून लागू आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र. आठशे वॉटची व्यवस्था असलेल्या माणसाला हे आकडे पाठ असतात, कारण ते त्याला दर आठवड्याला खालच्या मजल्यावरून ऐकवले जातात. खर्जाचे सूर भिंत जुमानत नाहीत, म्हणून शेजाऱ्यांना तेवढेच ऐकू जातात आणि वर लोक गाणी ऐकतात की पाटा-वरवंटा चालवतात, याबद्दल त्यांचे मत बनते. याचा परिणाम असा, की गणपतीच्या दिवसांत चौकातला भोंगा सुरू झाल्यावरच हा माणूस आपली यंत्रणा मोकळेपणाने लावू शकतो, आणि त्या वेळी त्याला ती ऐकू येत नाही.

एरवी दहाच्या आत, शेजारधर्म सांभाळून, आवाज एका वॉटवर राहतो. त्या वेळचा ताळेबंद असा: भिंतीतून येणारे १,१२० वॉट, दोन्ही स्पीकरांना मिळून पोचणारे दोन वॉट, त्यांतून प्रत्यक्ष आवाज एका वॉटचे आठ हजारांश. एक लाख चाळीस हजार भाग वीज घेऊन एक भाग गाणे. उरलेले एक लाख एकोणचाळीस हजार नऊशे नव्व्याण्णव भाग तबल्याच्या त्या एका थापेसाठी तयारीत उभे असतात. थाप खरोखर पडते, तिचा माथा उडत नाही, खुर्चीतला माणूस डोळे मिटून मान हलवतो. या क्षणाची किंमत कोणत्या रकान्यात लिहायची, हे मीटरवाल्याला ठरवता आलेले नाही.

बंद करण्याची पद्धत

आधी आवाज पूर्ण खाली आणावा, मग एकेक खटका बंद करावा. पेटीतले कपॅसिटर खटका बंद झाल्यावरही बराच वेळ जीवघेणा दाब धरून ठेवतात, म्हणून लगेच झाकण उघडू नये. स्पीकरची तार त्यानंतरही तशीच ठेवावी. उद्या कोणी ती जोडायला विसरले तर विरह होतो.

नळ्यांतला तांबूस उजेड हळूहळू विझतो. काच आणि आतला पत्रा निवताना आकसतात आणि अंधारात बराच वेळ टिक, टिक असा बारीक आवाज येत राहतो. तो एका हातापलीकडे ऐकू जात नाही. खालच्या मजल्यावरून त्याबद्दल तक्रार आलेली नाही.